साडेचार हजारांचा केबल-संच घ्यायचा की नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. घोडबंदर रोडला कासारवडवलीत नवीन फ्लॅट. हॉलमध्ये ५५ इंची फोर-के (म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा) टीव्ही भिंतीवर लागणार. त्याला डीटीएचचा एचडी बॉक्स, साउंडबार, मुलाचं प्लेस्टेशन ५, तुमचा ऑफिसचा लॅपटॉप आणि सासऱ्यांचा जुना डीव्हीडी प्लेयर जोडायचाय. दुकानदाराने टीव्हीबरोबर साडेचार हजारांचा केबलचा संच घ्यायला सांगितलं. 'साध्या केबलवर फोर-के दिसणारच नाही' असं तो म्हणाला. इंटिरियरवाला पुढच्या आठवड्यात भिंतीला झिरी मारणार आहे, सगळं सामान बाजूच्या बंद कपाटात ठेवायचं म्हणतोय आणि त्यासाठी पाच-पाच मीटरच्या केबल आणून द्या म्हणतोय.

संच घेऊ नका. गेली २२ वर्षं मी ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली, वाशी, नेरूळकडे टीव्ही बसवतोय. ही दुकानदारी मी प्रत्येक दिवाळीला बघतो आणि दर वेळी जीव तुटतो, कारण पैसे जातात ते घर घेताना आधीच हप्त्यांखाली असलेल्या माणसाचे. तुमचं काम त्याच्या निम्म्या पैशांत होईल. त्यातही खरा खर्च एकाच केबलवर करायचा, बाकीच्या बऱ्याचशा खोक्यांतच आलेल्या असतील.

आधी हे बघा की कुठल्या यंत्रातून किती माल वाहून न्यायचाय. ही यंत्रं टीव्हीला ज्या केबलने जोडतात त्या एचडीएमआय केबलमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. फुल एचडी, म्हणजे १०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला साधारण साडेचार जीबीपीएस (म्हणजे सेकंदाला तितके अब्ज बिट) लागतात. फोर-के सेकंदाला ३० वेळा पाठवायचं तर नऊच्या आसपास. फोर-के ६० वेळा म्हणजे जवळजवळ १८. गेमवाले फोर-के १२० म्हणतात ते त्याच्याही पुढचं, आणि त्यासाठी बनवलेली केबल ४८ जीबीपीएसपर्यंत पेलते. यावरूनच केबलींच्या जाती पडल्यात. 'हाय स्पीड' दहाच्या थोडं वरपर्यंत, 'प्रीमियम हाय स्पीड' १८ पर्यंत, 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ पर्यंत. २०२५ मध्ये ९६ वाली नवी जातही जाहीर झाली, पण ती तुमच्या टीव्हीच्या कामाची नाही.

खोक्यावर 'व्हर्जन २.०', 'व्हर्जन २.१' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसेल. तिकडे बघूच नका. ते आकडे टीव्ही आणि प्लेयरमधल्या यंत्रणेचे आहेत, केबलची ओळख वर सांगितलेल्या जातीच्या नावानेच व्हायला हवी. प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन जातींच्या अस्सल केबलच्या खोक्यावर तपासणीचं लेबल असतं आणि त्यावरचा कोड एचडीएमआयच्या स्वतःच्या ॲपने मोबाइलवर स्कॅन करता येतो. दुकानात उभ्या उभ्या स्कॅन करा. ॲपने केबल अस्सल म्हणून ओळखली तर घ्या, नाहीतर ठेवून द्या.

तुमचा डीटीएचचा बॉक्स एचडी आहे. त्याला फोर-केशी काही देणंघेणं नाही. बॉक्सबरोबर जी बारकी काळी केबल आलीय ती लावा, आयुष्यभर पुरेल. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात अल्ट्रा हाय स्पीड केबल कंपनीच देते. ती अजून पिशवीतच बांधलेली असेल तर बाहेर काढा. म्हणजे संचातल्या दोन केबल इथेच कमी झाल्या. शिवाय तुमचा टीव्ही ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) आहे का १२० चा, ते माहितीपत्रकात 'रिफ्रेश रेट' समोर बघा. आपल्या बजेटातले बहुतेक ५५ इंची ६० चेच असतात. ६० च्या टीव्हीला 'एट-के' लिहिलेली केबल लावून १२० दिसत नाही.

दुकानदाराचं दुसरं म्हणणं असतं की महागड्या केबलने रंग खुलतात, काळा अधिक काळा दिसतो. नाही हो. पूर्वीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं, कारण तिथे विजेची लहर जशीच्या तशी जायची आणि वाटेत झिजायची. इथे आकडे जातात. ते पोचले तर चित्र दोनशेच्या केबलवर आणि दोन हजारांच्या केबलवर हुबेहूब तेच. नाही पोचले तर चित्र फिकट होत नाही, तुटतं.

हे तुटणं कसं दिसतं ते सांगतो, कारण ओळखता आलं की तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही. वर्तक नगरला एका आजोबांकडे गेलो होतो. तक्रार अशी की रात्रीच्या सीनमध्ये 'चांदण्या पडतात'. जवळ जाऊन पाहिलं तर काळ्या भागात सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके क्षणभर चमकून विझत होते, आणि दर दहा-बारा मिनिटांनी स्क्रीन दोन सेकंद पूर्ण काळी व्हायची. पॅनल गेलं, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. मी प्लेयरच्या सेटिंगमध्ये जाऊन फोर-के ६० चं फोर-के ३० केलं. चांदण्या बंद. परत ६० केलं, परत चालू. म्हणजे टीव्ही धडधाकट, केबलला १८ पेलत नव्हते, नऊ पेलत होते. पिशवीतली माझी दीड मीटरची केबल लावली आणि काम संपलं. ही चाचणी घरी कुणालाही करता येते. चित्राचा आकडा एक पायरी खाली आणा, दोष गेला तर बोट केबलकडे दाखवायचं.

पण थांबा, केबल बदलण्याआधी अजून एक जागा तपासायची असते, आणि तिथे मी सगळ्यात जास्त लोकांना पैसे घालवताना पाहिलंय. टीव्हीच्या मागची प्रत्येक एचडीएमआयची जागा सारखी नसते. शिवाय अनेक टीव्हींत ती जागा पूर्ण क्षमतेने चालण्याची सेटिंग बंद ठेवलेली असते. सॅमसंगमध्ये तिला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये 'एनहान्स्ड फॉरमॅट'. ऐरोलीच्या एका मुलाने प्लेस्टेशनला फोर-के ६० एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) मिळत नाही म्हणून एकामागून एक तीन केबल घेतल्या होत्या, शेवटची अठराशेची. मी गेल्यावर त्याच्या टीव्हीची ती एक सेटिंग चालू केली, खोक्यातली मूळ केबल लावली आणि चित्र आलं. त्याच्या आईचा चेहरा अजून आठवतो. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन अँड व्हिडिओ' खाली 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' म्हणून पान आहे. तिथे आत्ता नेमकं काय जातंय ते लिहून येतं. डोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा ते पान वाचा.

आता तुमच्या घराचा मुख्य मुद्दा, बंद कपाट आणि पाच मीटर. इंटिरियरवाल्याला माझ्या वतीने सांगा की हा बेत बदल. एक तर डीटीएचच्या रिमोटचा इन्फ्रारेड किरण लाकडी झडपेतून आरपार जात नाही. चॅनल बदलायला दर वेळी दार उघडावं लागेल. दुसरं, प्लेस्टेशन गरम हवा मागे फेकतं, बंद खणात ते पंख्याचा आवाज करत बसेल. तिसरं, केबलची किंमत लांबीबरोबर नुसती वाढत नाही, भरवसाही कमी होतो. दीड मीटरला जवळजवळ कुठलीही बरी केबल १८ पेलते. तीन मीटरला बघून घ्यावी लागते. पाच मीटरला साध्या तांब्याच्या केबलमधून फोर-के ६० न्यायचं तर लेबल तपासलेली प्रीमियमच लागते, आणि ४८ वालं काम पाच मीटरवर तांब्यातून करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. टीव्हीखाली उघडा खण करून घ्या, सगळं तिथे ठेवा. केबल दीड मीटरच्या होतील आणि खर्च आपोआप खाली येईल.

लॅपटॉपसाठी मात्र एक लांब केबल लागेलच, कारण तुम्ही सोफ्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर बसणार. हीच ती एक केबल जिच्यावर पैसे घाला. पाच मीटर, प्रीमियम हाय स्पीड, स्कॅन होणारं लेबल. अशी केबल आठशे-हजाराच्या आसपास मिळायला हरकत नाही. भिंतीतून जाणार आहे म्हणून हा आग्रह. खणात पडलेली केबल बिघडली तर पाच मिनिटांत बदलता येते. भिंतीत गाडलेली बिघडली की प्लास्टर फोडा, लांबी भरा, रंग लावा.

म्हणूनच केबल कधीही थेट झिरीत पुरू देऊ नका, पाइपातून न्या. इलेक्ट्रिशियन सवयीने २५ मिलिमीटरचा पाइप टाकतो. एचडीएमआयच्या पिनेचा नुसता धातूचा भाग १४ मिलिमीटर रुंद आहे, वरचं प्लास्टिकचं डोकं त्याहून बरंच रुंद. सरळ पाइपातून ते कसंबसं जाईल, वळणावर अडकेल. तुम्ही ५० मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंची पाइप मागा आणि काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड टाकायला सांगा. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायची, म्हणजे उद्या दुसरी केबल ओढता येते. लाइटची वायर याच पाइपात नको, तिला वेगळा पाइप.

कुणी फायबरची (बारीक तंतूतून प्रकाशाने चित्र नेणारी) एचडीएमआय सुचवली तर ती वाईट नाही. दहा-पंधरा मीटर न्यायचं असेल तर तीच योग्य, आणि तांब्यापेक्षा बारीकही असते. पण तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं, उलटी लावली तर चित्र येत नाही. खारघरला एका घरात ती उलटी ओढून वर पीओपी करून टाकलं होतं. पाइप होता म्हणून वाचले, अर्ध्या तासात ओढून सुलटी केली.

लॅपटॉपचं अजून एक. त्याला एचडीएमआयची जागा असेल तर प्रश्न मिटला. नुसती टाइप-सी असेल तर ती चित्र बाहेर देते का ते आधी बघा, सगळ्या देत नाहीत. जागेशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर देते. नसेल तर मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' शोधा. मोबाइललाही हेच लागू, आणि बऱ्याच स्वस्त-मध्यम मोबाइलांत ही सोय नसते. त्यांच्यासाठी केबल शोधत फिरू नका, वाय-फायवरून कास्ट करा, म्हणजे बिनवायरचं टीव्हीवर पाठवा, फुकटात होतं.

साउंडबारची केबल बहुतेक वेळा त्याच्याच खोक्यात असते. ती टीव्हीच्या ज्या जागेवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत पाठवणारी सोय) किंवा 'ई-एआरसी' (तिचीच सुधारलेली आवृत्ती) लिहिलंय तिथेच लावायची, दुसरीकडे लावली तर आवाज येणार नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसीही चालू करा, मग टीव्हीच्या रिमोटनेच साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. साध्या एआरसीला कुठलीही बरी हाय स्पीड केबल चालते. ई-एआरसी वापरायची असेल तर खोक्यावर 'विथ इथरनेट' लिहिलेली हाय स्पीड किंवा अल्ट्रा घ्या, कारण हा परतीचा आवाज ज्या दोन तारांवरून येतो त्या तारा अशा केबलमध्ये नीट पिळून, आच्छादन देऊन घातलेल्या असतात. ऑप्टिकल केबलही चालेल, पण तिच्यातून डॉल्बीचा चहूबाजूंनी येणारा आवाज, म्हणजे अ‍ॅटमॉस जात नाही आणि रिमोटची सोयही नाही.

सासऱ्यांच्या डीव्हीडी प्लेयरसाठी एक कळकळीची विनंती. ऑनलाइन दीड-दोनशे रुपयांना एक केबल दिसते, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-लाल-पांढरी पिन. ती घेऊ नका. एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला विजेची लहर, मध्ये रूपांतर करणारी चिप नसेल तर नुसत्या तारेने काहीही होत नाही. ज्यांना असं रूपांतर खरंच हवंय त्यांनी यूएसबीवर चालणारी छोटी डबी घ्यायची असते, आणि तीही कुठून कुठे रूपांतर करते ते वाचून. तुम्हाला तिचीही गरज पडू नये. नव्या टीव्हीच्या मागे 'एव्ही इन' लिहिलेलं एक गोल छिद्र आहे का पाहा, आणि त्याची तीन तोंडांची छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात आलीय का तेही. खोकं भंगारवाल्याला देण्याआधी शोधा. ती हरवली आणि बाजारातून दुसरी आणली तर आतल्या कड्यांची रचना वेगळी निघू शकते. मग पिवळ्या पिनेवर चित्र येत नाही, स्पीकरमधून मात्र घरघर येते. तेव्हा पिवळी पिन लाल तोंडात घालून बघा, पुष्कळदा चित्र उभं राहतं.

इंटरनेटसाठी भिंतीत पाइप टाकताच आहात तर एक लॅनची वायरही ओढून घ्या. अनेक टीव्हींची लॅनची जागा १०० एमबीपीएसचीच असते आणि नेटफ्लिक्स फोर-केला १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं, त्यामुळे कॅट-५ई चालते. कॅट-६ थोडीच महाग आहे, भिंतीत जातेय तर ती घ्या. फक्त विचारून घ्या, तार शुद्ध तांब्याची आहे ना. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, क्लिप मारताना तुटते आणि वर्षा-दोन वर्षांनी त्रास देते.

गच्चीवरच्या डिशपासून येणारी गोल केबल आरजी-६ असते. तीत मध्ये तारा पिळून, टेप गुंडाळून जोड नको, एका तुकड्यात खाली आणा. आणि पावसाळ्याचं नीट ऐका. कोपरखैरणेला एका जूनमध्ये इमारतीजवळ वीज पडली. एका घरात टीव्ही स्पाइक गार्डवर होता, तरी त्याचा मदरबोर्ड गेला, कारण झटका लाइटच्या बोर्डातून आलाच नव्हता. तो गच्चीवरून डिशच्या केबलने बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत शिरला होता. आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, बॉक्सचा प्लग काढा आणि मागची डिशची केबलही सोडवून बाजूला ठेवा. सासऱ्यांनाही दाखवून ठेवा, दुपारी घरी तेच असतील. एरवीही एचडीएमआय लावताना-काढताना दोन्ही यंत्रं बोर्डावरच्या बटणानेच बंद करायची. दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या बॉक्सच्या पत्र्याला बोट लावलं की कधीकधी बारीक झिणझिणी येते, तेच पिन लावताना टीव्हीच्या नाजूक चिपवर जायला नको.

सोन्याचा मुलामा? आपल्याकडच्या दमट, खाडीच्या हवेत त्याचा उपयोग आहे, पिनेवर काळपट थर बसत नाही. पण हल्ली दोनशेच्या केबललाही तो असतो, त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. केबल निवडताना मी बोटांनी बघतो ते एवढंच: डोकं जागेत घातल्यावर हलतं का, आणि केबल डोक्यात शिरते तिथे रबराची मान आहे का. भिंतीला चिकटून बसणाऱ्या टीव्हीला जाडजूड, कडक केबल घेतली तर ती वळताना टीव्हीचं सॉकेटच वाकवते. नायलॉनचं विणकाम बघायला छान, पाइपातून ओढताना घासतं.

आता खरेदी. बाजारात जायच्या आधी सुतळी घ्या, प्रत्येक यंत्रापासून टीव्हीच्या सॉकेटपर्यंत केबल जशी वळणं घेत जाईल तशी धरा, मग टेपने मोजा आणि अर्धा मीटर वाढवा. त्याहून लांब घेऊ नका. दुकान ठाणे स्टेशनजवळचं असो, वाशीचं असो की लॅमिंग्टन रोडचं, बिल आणि बदलून देण्याचं कबूल करून घ्या. ऑनलाइन घेतलीत तर परत करायची मुदत बघून मागवा, म्हणजे झिरी बुजवण्याच्या आधी ती संपणार नाही.

आणि पाच मीटरची ती केबल आली की लगेच गवंड्याच्या हातात देऊ नका. आधी हॉलच्या जमिनीवर सोडा, एका टोकाला टीव्ही, दुसऱ्या टोकाला प्लेस्टेशन जोडा आणि मुलाला संध्याकाळभर फोर-के ६० वर खेळू द्या. लॅपटॉपपेक्षा ते यंत्र केबलची जास्त परीक्षा घेतं. दोन-तीन तासांत एकदाही स्क्रीन काळी झाली नाही, चांदण्या पडल्या नाहीत, तर सकाळी ती पाइपात ओढा. ओढल्यावर पुन्हा एकदा जोडून बघा, आणि मगच त्याला प्लास्टर कालवायला सांगा.